महिपतीच्या पाच सुऱ्या

कुडपणला मी पाच वर्षं मास्तर होतो. पोलादपूरहून वर चढायला अर्धा दिवस जायचा, आणि एवढी दमछाक करून वर पोचल्यावर पाहण्यासारखं काही नसायचं. वरईची शेतं, म्हशी, वारा आणि ढुंगणावर फाटलेल्या चड्ड्या घातलेली बावीस पोरं. महाडची पेठ, वाचनालय, संध्याकाळचा कट्टा सगळं सोडून छप्पन्न साली मी तिथे जाऊन पडलो, आणि पहिल्याच दिवशी गावानं माझ्या जेवणाची सोय महिपतीच्या घरी लावून दिली. मला वाटलं, गावातलं बरं घर असेल. मग कळलं की बाकी कोणी त्याच्या हातचं विलायती खायला तयार नव्हतं. "मास्तर शहरातला हाय, त्याला चालंल," असं गावचा म्हातारा सयाजी म्हणाला होता.

महिपती तेव्हा पंचेचाळीसचा असेल. काटकुळा, दाढी रोज करणारा, आणि शेतातसुद्धा पांढरे कॅनव्हासचे बूट घालून जाणारा. अकरा वर्षं तो बोटीवर होता. आमच्याकडचे लोक मुंबईला गिरणीत जातात, गोदीत जातात. हा गोदीतून पुढे सरकून थेट बोटीच्या भटारखान्यात शिरला आणि दुनिया फिरून आला. आल्यावर त्यानं बायकोसाठी लुगडं आणलं नाही, लेकीसाठी बाहुली आणली नाही. आणल्या त्या पाच सुऱ्या. जाड कापडाच्या गुंडाळीत, प्रत्येकीला वेगळा खण, वरून नाडी. मार्सेलची, नेपल्सची, हँबर्गची, लिव्हरपूलची आणि जपानातल्या कोबेची. देव्हाऱ्यातल्या टाकांना रोज पाणी लागलं नाही तरी चालेल, पण सुऱ्यांना तेलाचं बोट रोज. साळूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्या सुऱ्यांना हात लावायची मनाई होती. ती बिचारी आपली विळीवर बसायची.

पहिल्या दिवशी त्यानं ताट पुढे केलं आणि म्हणाला, "मास्तर, आज फ्रान्सचं हाय. फर्स्ट क्लास."

ताटात लाल भोपळा होता. काडेपेटीतल्या काड्यांसारखा चिरलेला. दुसऱ्या दिवशी इटली. तोच भोपळा, तांदळाच्या दाण्याएवढा. तिसऱ्या दिवशी जपान. तोच भोपळा, तिरक्या पातळ पाकळ्या, ताटात गोल लावलेल्या. चवीचं म्हणाल तर साळूबाईचं लाल मिरची-खोबऱ्याचं वाटण, वर आमसूल. डोळे मिटून खाल्लं असतं तर फ्रान्स कुठं संपला आणि जपान कुठं लागला हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आठवडाभर मी गप्प राहिलो. मग एकदा विचारलंच.

"महिपती, चिरणं समजलं. पण जपानी माणूस त्यात पुढे घालतो काय?"

तो सुरी पुसत होता. पुसतच राहिला. "ते बटलरचं काम," म्हणाला. बटलर म्हणजे बोटीवरचा मुख्य आचारी.

खरं काय ते साळूबाईनं सांगितलं, तेही सहज, भाकरी थापता थापता. "त्यांना चुलीपाशी कदी उभंच केलं नाय, मास्तर. अकरा वर्सं नुसतं सोलायचं नि चिरायचं. असं चिर, तसं चिर. चिरून झालं की दुसरा येऊन पाटी उचलून न्यायचा."

"मग चव?"

"चव कुठली? ह्यांना खलाशांचा डाळभात."

त्या दिवशी भाकरीचा घास मला फार गोड लागला. दुनियेतली पक्वान्नं सांगणाऱ्या ह्या शहाण्यानं त्यातलं एकही जिभेवर ठेवलेलं नव्हतं! उचलली जीभ लावली टाळ्याला. पुढच्या सुट्टीत महाडच्या कट्ट्यावर मी ही हकिकत अशी रंगवून सांगितली की दोघांना ठसका लागला. तेव्हापासून तो ताट पुढे करून "कसं झालंय?" म्हणून विचारायचा आणि मी म्हणायचो, "कालच्यासारखंच." त्याचा चेहरा पडायचा. मला बरं वाटायचं.

गाव त्याच्याहून काही शहाणं होतं असं नाही. पण गावाची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कोणाच्याही घरी लग्न असलं की आदल्या दिवशी दुपार कलली म्हणजे घराघरातून एकेक माणूस आपापली विळी घेऊन त्या दारी जायचा. मांडवात ओळीनं बसायचं, लग्नघरची भाजी चिरायची. डोंगरावर वैशाखात ताजी भाजी कुठली? पावसाळ्यापासून माळ्यावर जपून ठेवलेले भोपळे असायचे. भोपळा बाईमाणसानं फोडायचा नाही, म्हणून पहिला घाव सयाजीनं घालायचा, तो त्याचा मान. मग सगळ्यांनी चिरायचं. चिरायचं म्हणजे काय, एक फोड मुठीएवढी, एक बोराएवढी, निम्मं लक्ष गप्पांत. ज्या दारी विळी घेऊन गेलो नाही त्या दारच्या पंगतीला बसायचं नाही, असा नियम. बघायला गेलं तर तीन बायका तासाभरात करतील असल्या कामाला पंचवीस माणसं अर्धा दिवस घालवायची. मला तो शुद्ध रिकामटेकडेपणा वाटायचा, आणि मी तो ओसरीवर बसून पाहायचो.

एकोणसाठ साली सयाजीच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. सगळे विळ्या घेऊन आले. महिपती सुऱ्यांची गुंडाळी घेऊन आला. खाली बसेना. शाळेचं टेबल मागून नेलं, ते मीच दिलं, मांडवाच्या मधोमध ठेवलं आणि उभ्यानं चिरायला लागला. चिरत होता तोवर ठीक होतं. आपलं संपल्यावर हा ओळीतून हिंडायला लागला. दुसऱ्यांच्या पाटीत हात घालून फोडी उचलून बघायचा आणि परत टाकायचा. शेवटी सयाजीच्याच पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"तात्या, ह्या फोडी हायत का ढेकळं? हे माणसांनी खायचं? ढोरांच्या दावणीत टाका."

सयाजीनं विळी आडवी केली, धोतर झटकलं आणि म्हणाला, "पोरा, तू दुनिया फिरलास. आमी नाय फिरलो. आजपासून तुझ्या दारी विळी येणार नाय."

एवढंच. ना बैठक, ना दंड. महिपतीला कोणी वाळीत टाकलं नाही, त्याच्याशी बोलणं बंद केलं नाही. तो घरी येऊन मला म्हणाला, "बरं झालं. ह्यांच्या विळ्या मला हव्यात कशाला?" अशा माणसाला काय म्हणायचं? मी फक्त टेबल परत मागवलं.

मग एकसष्टच्या वैशाखात त्याच्या रखमाचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर. आईसारखी कष्टाळू, आणि बापाचं काहीही तिच्यात उतरलेलं नव्हतं, हे तिचं नशीब. स्थळ तळीयेचं, नवऱ्याचा बाप मालोजी, घर मोठं, माणसं ताठ. लग्न कुडपणला, मुलीच्या दारी. साळूबाई जसजसा दिवस जवळ येईल तसतशी सुकत चालली. मला एकदा म्हणाली, "मास्तर, विळ्या नाय आल्या तर पंगतीला गाव नाय. मांडवात गाव नाय दिसलं तर तळीयेची माणसं काय समजायचं ते समजतील. अक्षता पडायच्या आत नवरा घेऊन उतरतील डोंगर. मग माझ्या पोरीला कोण करतो?"

ती म्हणाली त्यात तिळभर चूक नव्हती. मालोजीसारखी माणसं मांडवातली माणसं आधी मोजतात आणि नवरी मग पाहतात. आणि ह्या सगळ्यावर आमच्या जगप्रवाशाचं उत्तर काय? "नको येऊ देत. तीनशे माणसाचं मी एकटा चिरीन. बोटीवर रोज अडीचशेचं चिरत व्हतो." त्या गाढवाला वाटत होतं, प्रश्न भोपळ्याचा आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी साळूबाई सकाळीच बाहेर पडली. नवऱ्याला न सांगता सयाजीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली आणि तिनं त्याचे पाय धरले. म्हाताऱ्यानं बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाला, "पोरीकडं बघून येतो. दुपार कलली की गाव घेऊन येतो. पण त्याला सांग, खाली बसायचं."

तिथून ती वरच्या वाडीला आवतण सांगायला निघाली, आणि वाटेत शाळेपाशी मला गाठलं. धापा टाकत होती. तोंडावर हसू होतं. पाच वर्षांत ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मास्तर, गाव येतंय. घरी जाऊन त्यांना सांगा, भोपळ्याला हात लावू नका म्हणावं. मला वरून यायला उशीर व्हईल."

"सांगतो," मी म्हणालो.

मी गेलो. सांगायलाच गेलो होतो. अंगणात मांडव घातलेला, फळकुटांचं उंच टेबल केलेलं, त्यावर पाची सुऱ्या ओळीनं मांडलेल्या, बाजूला अकरा भोपळे. महिपती बाह्या सरसावून उभा. पहिल्या भोपळ्यावर हँबर्गची सुरी ठेवलेली.

"महिपती, जरा थांब," मी म्हणालो.

त्यानं वर पाहिलंही नाही. "काम करणाऱ्याला थांबवू नये, मास्तर. तुमचं काय? पोरांकडून बे एके बे घोकून घेतलं की दिवस संपला. ह्याला हुन्नर लागतो."

मी मॅट्रिक झालेला माणूस. आणि हा, ज्यानं अकरा वर्षांत एका पदार्थाची चव पाहिली नाही, तो मला हुन्नर शिकवत होता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निरोप जिभेवर होता तो मी गिळला आणि ओसरीच्या कडेला बसलो. "चिर," म्हटलं. "बघू तुझा हुन्नर."

त्यानं चिरलं. हात बघण्यासारखा होता, एवढं मी कबूल करतो. हँबर्गची दणकट सुरी भोपळा फोडायला, लिव्हरपूलची साल काढायला, मग मार्सेलची. ठक ठक ठक, एका ठेक्यात. एकेक फोड सोंगट्यांच्या फाशासारखी, चारी बाजू सारख्या. तो मान वर न करता चिरत होता, मधून पाणी प्यायचा, पुन्हा चिरायचा. अर्ध्यावर आल्यावर माझ्या मनात आलं की आता तरी सांगावं. पाच भोपळे उरले होते, सयाजीला तेवढे पुरले असते. पण त्याच वेळी तो शीळ घालायला लागला, आणि मी नाही सांगितलं. दुपार कलायच्या आत अकराही भोपळे संपले. सहा पाट्या काठोकाठ भरल्या. सालींचा ढीगसुद्धा त्यानं नीट रचून ठेवला होता.

आणि मग गाव आलं. पुढे सयाजी, मागे पंचवीस-तीस माणसं, प्रत्येकाच्या काखेत विळी. बोलत, हसत आले, मांडवात ओळीनं बसले, विळ्या पुढ्यात मांडल्या. महिपती सुरी हातात धरून नुसता बघत राहिला. तेवढ्यात वरच्या वाडीची माणसं घेऊन साळूबाई आली. तिनं आधी पाट्या पाहिल्या आणि मग मला.

सयाजी इकडेतिकडे पाहून म्हणाला, "भोपळं आणा."

मग त्यालाही पाट्या दिसल्या. म्हातारा हळूहळू लाल झाला. "असं व्हय! गावाला बोलावून बसवायचं आणि दाखवायचं, की बघा, तुमच्यावाचून झालं! उठा रे."

विळ्या उचलल्या जायला लागल्या. साळूबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मास्तर, तुमच्याजवळ निरोप दिला व्हता मी."

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. ओसरीच्या दारात रखमा उभी होती, हळदीनं पिवळी झालेली. मी म्हणालो, "मी सांगितलं होतं. ऐकतो कुठं तो कोणाचं?"

सगळ्यांना ते लगेच पटलं. मास्तर कशाला खोटं बोलेल? महिपतीनं मात्र माझ्याकडे पाहिलं. आता हा ओरडेल, माझं बिंग फोडेल, म्हणून मी अंग चोरून बसलो. त्यानं मग सुरी खाली ठेवली आणि सयाजीला म्हणाला, "व्हय तात्या. त्यांनी सांगितलं व्हतं. मीच ऐकलं नाय."

त्यानं असं का केलं ते मला तेव्हा कळलं नाही. विचार करायला वेळही मिळाला नाही, कारण साळूबाईनं पहिली पाटी उचलली होती. ती अंगणातून सरळ गोठ्यात गेली आणि तिनं पाटी म्हशींच्या दावणीत उपडी केली. परत आली, दुसरी उचलली. कोणी तिला अडवलं नाही. महिपतीनंही नाही. अकरा वर्षांची विद्या म्हशी मचमच करत खात होत्या, त्याचा आवाज मांडवात ऐकू येत होता. सहावी पाटी रिकामी करून ती सयाजीपुढे येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर नीट घेतला.

"मामंजी, उद्या पोरीचं लगीन हाय. घरात भाजी नाय. चिरायची हाय."

सयाजीनं तिच्याकडे पाहिलं, मग गोठ्याकडे, मग महिपतीकडे. "माझ्या माळ्यावर तीन भोपळं हायत," तो म्हणाला. "पण हा बसणार हाय का?"

महिपतीनं पाची सुऱ्या एकेक करून पुसल्या, गुंडाळीत घातल्या, नाडी बांधली. मग तो सयाजीच्या शेजारी मांडी घालून बसला. कोणीतरी त्याच्यापुढे विळी सरकवली. गावभर पोरं पळाली, घराघरातून भोपळे आले. सयाजीनं पहिला घाव घातला. आणि मग तो सात समुद्र फिरलेला माणूस विळीवर भोपळा चिरायला लागला. इतकं वाईट चिरताना मी कोणाला पाहिलेलं नाही. सुरी हातात असते आणि भाजी जाग्यावर असते, विळीचं सगळं उलटं. दुसऱ्याच फोडीला त्याचा अंगठा कापला. सयाजी फस्सकन हसला, मग सगळी ओळ हसली, साळूबाईनं हळद भरून चिंधी बांधली, आणि तो पुन्हा चिरायला बसला. मला कोणी विळी दिली नाही. मी मागितलीही नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. गाव होतं, मांडव भरलेला होता, मालोजीनं माणसं मोजली असतील तर ती पुरली. पंगत बसली. महिपती चिंधी बांधलेल्या हातानं भाजी वाढत होता. मालोजीनं पहिला घास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पावणे, भाजीला चव हाय हो. पण चिरली कोणी? ढेकळं हायत नुसती. ढोरांनापण लागतील घशाला."

माझ्यासमोर सयाजी जेवत होता. त्याचा हात थांबला. पंगतीतल्या सगळ्या कुडपणकरांचे हात थांबले. ती भाजी त्या सगळ्यांनी चिरली होती.

"मी चिरली," महिपती म्हणाला.

"तुम्ही? तुम्ही तर बोटीवर कूक व्हता म्हणे."

"कूक नव्हतो. चिरायलाच व्हतो," महिपती म्हणाला. "मला यवढीच येते."

तळीयेची माणसं खो खो हसली. कुडपणचं एकही माणूस हसलं नाही. सयाजीनं ताटातली भाजी संपवली आणि आणखी मागून घेतली.

रखमा सासरी गेली. तिसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा जेवायला गेलो. खरं तर जायचं नव्हतं, पण दुसरं घर कुठलं? महिपती सुऱ्या बाहेर काढून बसला होता. अंगठ्याला चिंधी तशीच. त्यानं ताट माझ्यापुढे ठेवलं.

"हे पोर्तुगालचं," म्हणाला.

भोपळा होता. लांब, पातळ, टोकाला वळलेला. साळूबाईचं वाटण, वर आमसूल. मी दोन घास खाल्ले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, पाच वर्षं बघत आला तसाच.

"कसं झालंय, मास्तर?"

"छान झालंय," मी म्हणालो.

"खोटं बोलू नका," तो म्हणाला. "तुमाला जमत नाय."

आणि माझ्या ताटात आणखी एक डाव भाजी वाढली.